डिंक्याचा प्रश्न कोणी विचारला?

बापूंच्या दारातून वर्गणी मागणारा सहसा रिकाम्या हाताने गेला नाही. गणेश मंडळ असो, भागवत सप्ताह असो, बहिरमच्या यात्रेतलं अन्नदान असो की कुणाच्या पोरीचं पैशापायी अडलेलं लग्न असो, बापू फार चौकशी न करता आकडा सांगत आणि सांगितलेला आकडा पाळत. अचलपूर तालुक्यात त्यांचा संत्र्याचा मोठा बगीचा. शहरात जुन्या परकोटाच्या आत वडिलोपार्जित घर, घराला लागून गोदाम. नाही म्हणायचे ते एकट्या वाचनालयाला.

वाचनालय त्यांच्या गोदामाच्या भिंतीला भिंत लावून उभं होतं. कोणतं, ते विचारू नका. अशी वाचनालयं वऱ्हाडात गावोगाव आहेत आणि त्यांची परंपरा जुनी आहे. अकोल्याचं बाबूजी देशमुख वाचनालय १८६० सालचं. मुंबईकडची आगगाडी नागपूरला पोचली १८६७ साली. म्हणजे वऱ्हाडातल्या माणसाने गाडीची शिटी ऐकण्याआधी वाचनालयाचं दार उघडलं होतं. बापूंच्या शेजारचं वाचनालय इतकं जुनं नव्हतं, पण छत गळण्याइतकं नक्कीच होतं. दर वर्षी संचालक मंडळाचं पत्र यायचं. बापू ते वाचायचे, घडी घालून ठेवून द्यायचे आणि बैठकीतल्या लोकांना म्हणायचे, “पुस्तकानं कोनाच्या झाडाले संत्रं लागलं काय?”

लोक हसायचे. विषय तिथेच संपायचा.

त्या पत्रात काय मागितलेलं असायचं, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून इथे थोडं थांबतो. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला १९६७ साली. त्या कायद्याने मान्यता मिळालेल्या वाचनालयाला अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो आणि वर्गाप्रमाणे परिरक्षण अनुदान मिळतं. सरकार मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत, तेही ठरलेल्या कमाल मर्यादेतच, भार उचलतं. बाकीचं गावाने उभं करायचं. त्या दहा टक्क्यांत गावाची इच्छा मोजली जाते, असं मला वाटतं. अनुदान हप्त्याने येतं आणि पुष्कळदा उशिरा येतं. तोवर वीजबिल थांबत नाही, वर्तमानपत्रवाला थांबत नाही, आणि तुटपुंज्या पगारावर दार उघडणाऱ्या माणसांच्या घरचा किराणाही थांबत नाही.

यातलं काही बापूंच्या कानावर नव्हतं. त्यांच्या मनात वाचनालय म्हणजे सकाळी पेपर चाळणारे पेन्शनर आणि दिवसभर बसलेली बेकार पोट्टी. त्या पोरांचाच त्यांना मुख्य त्रास होता. वाचनालयाच्या मागच्या खोलीत स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका होती. धामणगाव गढीपासून पथ्रोटपर्यंतची पोरं-पोरी पहाटेच यायची, डबा आणायची, रात्री दिवे बंद होईस्तोवर बसायची. त्यांच्या सायकली नि मोटारसायकली गोदामापुढे लागायच्या.

नोव्हेंबरमध्ये आंबिया बहाराचा माल निघाला. क्रेट भरायला ट्रक आला आणि बोळीतच अडकला. बापू तडक वाचनालयात शिरले.

ग्रंथपाल मॅडम टेबलाजवळ उभ्या होत्या. समोर खुर्चीत मिलमधून निवृत्त झालेले एक आजोबा ताठ बसले होते आणि मॅडम त्यांच्या तोंडासमोर मोबाईल धरून होत्या.

“बापू, दोन मिनिटं बसा. आजोबांचा हयातीचा दाखला भरते आहे. चेहरा धरत नाहीये. आजोबा, पापणी मिटा… आता उघडा.”

“हे काम वाचनालयाचं हाय?” बापूंनी विचारलं.

“पेन्शन थांबली होती त्यांची,” मॅडम एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा मोबाईलकडे वळल्या.

बापूंना बसावं लागलं. टेबलावर एक जाड नोंदवही उघडी पडली होती. चाळा म्हणून त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. वरती लिहिलं होतं ‘संदर्भ सेवा’. रकाने तीनच होते: तारीख, काय विचारलं, काय दिलं. विचारणाऱ्याच्या नावाचा रकाना नव्हता.

बापूंनी हिशेबाच्या वह्या आयुष्यभर पाहिल्या होत्या, पण असली वही पाहिली नव्हती. एका ओळीत होतं, ‘वडील वारले, सातबाऱ्यावर वारसनोंद कशी करायची. अर्जाचा नमुना दिला, तलाठ्याकडे लागणाऱ्या कागदांची यादी लिहून दिली.’ त्याखाली, ‘इमादशाही कधी बुडाली. १५७४, अहमदनगरच्या निजामशाहीने जिंकली, संदर्भ दाखवला.’ त्याखाली, ‘पहिलटकरीण, सहावा महिना, काय खावं. पुस्तक दिलं, आशाताईंना भेटायला सांगितलं.’ मेळघाटातल्या एका शाळेच्या गुरुजींनी कोरकू मुलांना मराठी शिकवताना उपयोगी पडतील अशी मोठ्या चित्रांची पुस्तकं मागितली होती. नऊ पुस्तकं दिली होती आणि पुढे कंसात ‘परत आली, दोन फाटली, चिकटवली’ असं होतं. कुणाला हरभऱ्यावरच्या घाटेअळीची माहिती हवी होती. कुणाला मृत्युपत्राचा नमुना. एका ओळीत नुसतं लिहिलं होतं, ‘नवरा मारतो, कायदा काय. पुस्तिका दिली, मदतीचा फोन नंबर लिहून दिला, पाणी दिलं, थोडा वेळ बसवलं.’

ती ओळ बापूंनी दोनदा वाचली. शेवटचे तीन शब्द लिहायची मॅडमना काही गरज नव्हती. अनुदानाच्या कोणत्याही तक्त्यात ‘थोडा वेळ बसवलं’ याला रकाना नसतो.

ते मागे मागे जात राहिले. दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्याचं पान आलं आणि त्यांचं बोट थांबलं.

‘संत्रा, जंबेरीच्या खुंटावरची झाडं, आठव्या वर्षात. बुडाशी साल फुटून डिंक येतो, पानं पिवळी, चार झाडं वाळली. डिंक्या. कृषी विद्यापीठाची पुस्तिका दाखवली, बोर्डो मलमाची दोन पानं झेरॉक्स दिली. चाकूची चाचणी समजावली. दुहेरी आळ्याचं चित्र काढून दिलं.’

संत्रावाल्याला डिंक्या म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. भारी काळी जमीन, पावसाचं पाणी बुंध्याशी साचतं, फायटोप्थोरा नावाची बुरशी मुळातून नि सालीतून शिरते, आणि हाताशी आलेलं झाड डोळ्यांदेखत वाळून जातं. जंबेरीच्या खुंटाला तिचा धोका जास्त. दोन वर्षांपूर्वी बापूंचा अर्धा बगीचा तिच्या तावडीत सापडला होता. चार झाडं गेली होती. आठव्या वर्षातली. जंबेरीवरची.

आणि चाकू! तो दिवस त्यांना स्वच्छ आठवला. बगीच्यातल्या विहिरीजवळ काकू, म्हणजे बापूंची बायको, दोन प्लास्टिकच्या बादल्या घेऊन बसल्या होत्या. एकीत पाच लिटर पाण्यात एक किलो मोरचूद विरघळवलेलं, दुसरीत पाच लिटरमध्ये एक किलो चुना. सालदार लोखंडी घमेलं घेऊन आला तर काकूंनी त्याला परत धाडलं. मोरचूद लोखंडाला खातं म्हणाल्या. मग दोन्ही एकत्र करून लाकडी काठीने ढवळलं आणि घरातून भाजीचा चाकू मागवला. चाकू त्या निळ्या द्रावणात बुडवून वर काढला तर पात्यावर तांबूस थर चढलेला. “चुना कमी हाय,” असं म्हणून त्यांनी आणखी चुन्याची निवळी ओतली, पुन्हा चाकू घातला. पातं जसंच्या तसं आलं तेव्हाच सालदाराला ब्रश दिला. आधी सडकी साल पटाशीने खरडून काढायची, मग जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत मलम लावायचं. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा. त्या वर्षी उरलेला बगीचा वाचला.

बापूंनी तेव्हा चारचौघांत सांगितलं होतं, की औषध वेळेवर आणलं म्हणून झाडं हाती लागली. कृषी केंद्रातून आणलेल्या तीन महागड्या बाटल्यांचं बिल त्यांच्याकडे होतं. बिल हातात असलं की कशाने गुण आला हे माणूस सहज ठरवून टाकतो. मला बापूंचा राग येत नाही. वाचनालय बिल देत नाही. आलेल्या माणसाला ते काही विचारत नाही आणि दिलेलं कुठे बोलून दाखवत नाही. त्याचं देणं म्हणूनच आपल्या हिशेबात येत नाही. आपण ते स्वतःच्या हुशारीच्या खात्यावर लिहून मोकळे होतो.

आजोबांचा चेहरा एकदाचा धरला गेला. ते मोबाईलला हात जोडून उठले. मॅडम बापूंकडे वळल्या.

“बोला बापू. सायकलींचं ना? मी पोरांना सांगते, उद्यापासून मागच्या अंगणात लावतील.”

बापूंनी वही पुढे सरकवली. “हे कोन इचारून गेलं होतं?”

मॅडमनी ओळ पाहिली. “ते नाही सांगता येणार.”

“मी काय परका हाव? शेजारी हाव तुमचा.”

“म्हणून तर नावाचा रकाना ठेवला नाही, बापू. उद्या कुणी तुमच्याबद्दल विचारायला आलं तरी मी हेच सांगीन. माणूस इथे काय विचारतो, काय वाचतो, हे त्याचं त्याच्याजवळ राहिलं पाहिजे. नाहीतर मधली ती बाई आली असती का?”

मधली ती बाई कोण, हे बापूंनी विचारलं नाही. ते सायकलींबद्दल एक शब्द न बोलता घरी आले.

घरी माजघरात त्यांची आई पलंगावर उशाला टेकून बसली होती. नव्वदीच्या घरातली म्हातारी, डोळ्यांनी जवळजवळ अधू. काकू तिला वाचून दाखवत होत्या. हे रोजचंच होतं. बापू समजत, पोथी असेल. आज त्यांनी वाकून पुस्तकाची पाठ पाहिली. पाठीवर वाचनालयाचं कागदी लेबल होतं, आणि पुस्तक होतं गुलाबराव महाराजांचं चरित्र. चांदूर बाजाराजवळच्या माधानचे गुलाबराव महाराज. तान्हेपणीच दृष्टी गेली, तरी दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेत घेत ज्यांनी स्वतः ग्रंथ रचले, ते. म्हातारीला त्यांच्या गोष्टी ऐकाव्याशा वाटायच्या यात काय नवल!

“वाचनालयात तू गेलती काय? डिंक्याचं इचाराले?”

काकूंनी पानात बोट घालून पुस्तक मिटलं. “गेलती ना. लगन होऊन आली तवापासून जाते. बुधवारी बाजाराले निघते तवा आधी तिथं जाते.”

“मले सांगतलं नाई कधी.”

“तुमी इचारलं कधी? तुमी तर बैठकीत म्हनता, पुस्तकानं संत्रं लागते काय. मी आत चहा करत ऐकते.”

बापू गप्प झाले. म्हातारीच बोलली, “कायले थांबली वो? वाच ना पुढं.”

काकू वाचायला लागल्या. बापू तिथेच दाराशी उभं राहून ऐकत राहिले, आणि मग खाली बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाचनालयात जाऊन देणगीचा धनादेश दिला. छताचं काम होईल एवढा मोठा होता. मॅडमनी पावती फाडली, आभार मानले आणि सांगितलं, की महिनाअखेरीस वार्षिक सभा आहे, या. बापूंना बरं वाटलं. पैसे दिले की देणं फिटलं, अशी त्यांची आजवरची रीत होती, आणि इथवर ती रीत चालूनही गेली.

सभा अभ्यासिकेतच होती. बेंचवर पंचवीस-तीस माणसं. चिटणिसांनी अहवाल वाचला. संचालक मंडळात एक जागा रिकामी होती. बापू उठले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, की या जागेवर आमच्या घरच्या बाईंचं नाव मी सुचवतो.

अध्यक्षांनी चष्मा वर केला. जुने शिक्षक होते ते. “बापू, नाव उत्तम आहे. वहिनी जुन्या सभासद आहेत, उभ्या राहू शकतात. पण सूचकही सभासद लागतो. तुम्ही सभासद नाही.”

“मी आत्ताच छताचे पैसे देल्ले ना!”

“दिलेत, आणि अहवालात तुमचं नाव छापलं आहे. पण देणगीदार वेगळा, सभासद वेगळा. देणगीदाराने छत दिलं. सभासदाने त्या छताखाली येऊन बसायचं असतं.”

मागच्या बेंचवरून एक पोरगी उठली. पोलीस भरतीची तयारी करणारी, आसेगावकडची. तिची सायकल बापूंनी एकदा स्वतः उचलून बाजूला फेकली होती. तिला ते आठवत असणार, पण तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. “सर, मी सभासद आहे. काकूंचं नाव मी सुचवते. मी सकाळी डबा न आणता येते त्या दिवशी काकू मला भाकर पाठवतात. आणि मागच्या वर्षी गणिताची पुस्तकं कमी पडत होती, तेव्हा त्यांनीच मॅडमना मागणीच्या वहीत लिहायला लावलं होतं.”

अनुमोदन हयातीचा दाखला भरलेल्या आजोबांनी दिलं. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. नाव मंजूर झालं तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि एकच गोष्ट बोलल्या: संध्याकाळी वाचनालय सातला बंद होतं, ते नऊपर्यंत उघडं ठेवा, कारण वावरातून येणाऱ्या माणसाला सातच्या आत येणं जमत नाही. त्यावर बरीच चर्चा झाली. वीजबिल कोण भरणार, दार कोण सांभाळणार, मॅडमना जास्तीच्या वेळेचे पैसे कुठून द्यायचे. आठवड्यातून तीन दिवस अभ्यासिकेतली पोरं पाळीने बसतील असं ठरलं, आणि मॅडमवर वेळेचा बोजा टाकायचा नाही असंही ठरलं. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. वाचकाचा वेळ वाचवा हा त्यातला एक. त्यांच्या जन्मदिवशी, १२ ऑगस्टला, आपल्याकडे ग्रंथपाल दिन पाळतात. काकूंना रंगनाथन माहीत नव्हते, पण वाचकाच्या वेळेची अडचण त्यांनी स्वतः कित्येक बुधवारी सोसली होती.

सभा संपल्यावर बापूंनी मॅडमकडून सभासदत्वाचा अर्ज मागितला. तो भरताना त्यांना पोरासारखं तीनदा विचारावं लागलं. अनामत भरली, महिन्याची वर्गणी भरली. तीस रुपयांच्या आसपासची ती वर्गणी मोजून देताना त्यांचा हात कधी नव्हे तो अडखळला.

“पहिलं पुस्तक कोणतं देऊ?” मॅडमनी विचारलं.

बापूंनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, “गोनीदांचं मागा. ‘पूर्णामायची लेकरं’. आपल्या बोलीत हाय.”

गोपाल नीलकंठ दांडेकर, म्हणजे गोनीदा, जन्मले पलीकडे परतवाड्यात, ८ जुलै १९१६ रोजी. तेराव्या वर्षी स्वातंत्र्याच्या चळवळीच्या ओढीने घर सोडलं, पुढे शाळा झाली नाही, गाडगेबाबांच्या सहवासात हिंडले. आणि त्या माणसाने मराठीला शेल्फभर पुस्तकं दिली. शाळेबाहेर राहिलेल्या माणसाला शिकायला पुस्तक हीच शाळा असते, आणि ज्याला पुस्तक विकत घेता येत नाही त्याला वाचनालय. परतवाड्याच्या बाजारात बापू हजारदा गेले असतील, पण हे नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा लक्षपूर्वक ऐकलं.

मॅडमनी देवघेवीचं रजिस्टर पाहिलं.

“बापू, ते पुस्तक बाहेर आहे. एकच प्रत आहे आपल्याकडे, आणि दोघांनी आधीच मागणी नोंदवली आहे. तुमचा नंबर तिसरा लागेल.”

“विकत आणून देऊ काय एक? दुसरी प्रत?”

“आणून दिली तर चांगलंच आहे. पण तीही आधी त्या दोघांना जाईल.”

“माह्या आधीचे दोघं कोन हायेत?”

मॅडम काही बोलल्या नाहीत. बापूंच्याच ते ध्यानात आलं.

“राहू द्या,” ते म्हणाले. “तिसऱ्यावर लिहा माहं नाव. अन् ती दुसरी प्रत कुठं मिळते तेवढं त्या तुमच्या वहीत माहा प्रश्न म्हणून लिहून ठेवा.”